आजी गेल्यानंतरची प्रार्थना

आम्ही सुरतेला निघालो त्या सकाळी एसटी फाट्यावर उभी होती, सामान सीटखाली कोंबून झालं होतं, आणि आमच्या मंडळीतली आठ-दहा माणसं रस्त्याच्या कडेला गोल करून डोळे मिटून उभी होती. पाळकसाहेब प्रार्थना करत होते. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे कुणी परगावी निघालं की प्रार्थना अब्राहामापासून सुरू होते. त्याने आपला देश सोडला, मग याकोबाने सोडला, मग मोशे आख्खं इस्राएल घेऊन मिसरातून निघाला. मोशेपर्यंत आलो आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. माझ्या आईने डोळे न उघडता मोठ्यांदा सांगितलं, "थांब रे बाबा जरा, तांबडा समुद्र ओलांडायचाय अजून." सगळी मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले आणि समुद्र न ओलांडताच आमेन म्हणाले.

आई रडली नाही. चारचौघांत रडायची तिला लाज वाटायची. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाली, "भाकरी मिळंल न मिळंल, संध्याकाळी बसायचं सोडू नका." आबा तिच्या मागे उभे होते. ते एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे मला काही न बोलता त्यांनी ड्रायव्हरलाच घाटात सांभाळून घे म्हणून सांगितलं. मुलीला निरोप द्यायची त्यांची हीच रीत.

हे मी गावातल्या तुम्हा सगळ्यांना लिहितेय, आणि पुण्याला, नाशकाला, दुबईला गेलेल्या भावंडांनाही. तुम्ही फोनवर विचारता, सुरत कशी आहे गं, आणि मी म्हणते, चांगली आहे. चांगलीच आहे की. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर काम आहे, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मिलमध्ये त्या दिवशी कुठला रंग चालला होता ते त्याच्या नखांवरून कळतं. भेस्तानला तिसऱ्या मजल्यावर आमची खोली आहे, पाणी दोन वेळा येतं. मी मास्तरीण व्हायचं म्हणून डी.एड. केलं होतं. इथे घरबसल्या धागा कटिंग करते, म्हणजे एम्ब्रॉयडरी होऊन आलेल्या साड्यांच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कात्रीने कापायचे. काम वाईट नाही. मान तेवढी दुखते.

भाषेचं म्हणाल तर मी आता चार तोंडांनी बोलते. भाजीवाल्याला "केटला?" विचारते, रिक्षावाल्याशी हिंदी, साड्या आणून देणाऱ्या भाईंशी "हा भाई, सारु भाई", आणि जिन्यात खानदेशच्या बायका भेटल्या की त्यांच्या अहिराणीला माझी नगरी मराठी. मराठी माणसांना इथे तोटा नाही. उधन्यापासून आमच्या गल्लीपर्यंत कुठेही "ओ ताई" म्हणून हाक मारली तर चार जणी वळतील. पण आपली गाणी ठाऊक असलेलं माणूस मला इथे आजवर भेटलं नाही. रविवारी शेअर रिक्षाने चर्चला जातो, तिथली उपासना गुजरातीत. माणसं प्रेमळ आहेत, हात धरून जेवायला नेतात. पण देव मला गुजरातीत जरा परका वाटतो, मोठ्या साहेबासारखा. गाणं सुरू झालं की मी नुसते ओठ हलवते.

म्हणून संध्याकाळचं बसणं आम्ही सोडलं नाही. नंतर ज्यांची आपल्या लोकांशी ओळख होईल त्यांच्यासाठी सांगते, बसणं म्हणजे घरची प्रार्थना. चटई टाकायची, एक गीत म्हणायचं, शास्त्रातला थोडा उतारा वाचायचा, आणि मग एकेकाने प्रार्थना करायची, सगळ्यांत धाकट्याने आधी आणि वडीलधाऱ्याने शेवटी. एकाची झाली की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे 'तसंच होवो'. आमेन कुणी म्हटलं नाही तर आई म्हणायची, टाकलं पत्र पण तिकीट नाही लावलं. शेवटी लहानांनी मोठ्यांना सलाम करायचा आणि उठायचं. गावाकडे काका, चुलत भावंडं, कुणाचे तरी पाहुणे मिळून ओसरीपर्यंत माणसं असायची, आणि आमेन म्हटलं की शेजारची म्हैस दचकायची. इथे आम्ही तिघं. तिघांचा आमेन शेजारच्या टीव्हीत विरून जातो.

आमची एस्तेर, एस्तू, इथे आली तेव्हा नीट बोलतही नव्हती. आता साडेपाच वर्षांची आहे. धाकटी म्हणून पहिली पाळी तिची. तिची प्रार्थना लांबलचक. पप्पाच्या मशीनचं, खालच्या कुत्रीच्या पिल्लांचं, बालवाडीतल्या बेनचं, म्हणजे बाईंचं, सगळ्यांचं नाव घेऊन झालं की शेवटी आजी. "देवबापा, आजीचा दमा बरा कर." आईचा दमा तुम्ही पाहिलाय. थंडीत ती उशीला टेकून बसूनच झोपायची आणि सकाळी उठून वर आम्हालाच ओरडायची की तुमच्या काळजीने मला झोप नाही. गेल्या थंडीत तो फार वाढला. एस्तू रोज संध्याकाळी न चुकता मागत होती, आणि मीही मागत होते. मी तर भीक मागावी तसं मागत होते.

त्यातच एस्तूला कांजिण्या आल्या. अंगभर फोड, ताप, खाजवू नको म्हणून हाताला मोजे घातलेले. आणि त्याच आठवड्यात पहाटे आबांचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाले. एस्तूला नेता येणार नव्हतं. सुधीर तिच्यापाशी राहिला आणि मी एकटी निघाले. माझ्यासाठी माती थांबवली होती. तुम्ही सगळे होतात, तुम्हीच मला धरलंत. दुपारभर मी तुमच्या गळ्यात पडून रडले आणि दुसऱ्या दिवशी परत फिरले, कारण इकडे पोरीचा ताप उतरत नव्हता आणि सुधीरला मिलमधून आणखी सुट्टी मिळत नव्हती. आईच्या आठवणीसाठी आपल्या घरी सभा झाली तिलाही मी थांबले नाही. कुणी तोंडावर बोललं नाही, पण मला ते लागून राहिलंय.

दार उघडलं तर एस्तू अंथरुणात बसलेली, फोडांवर गुलाबी औषध वाळलेलं. तिने पहिलं विचारलं, "मम्मी, आजीला सारु थई गयुं?" बरं झालं का, असं. खालच्या पोरांत खेळून तिची अर्धी भाषा गुजराती झालीय. मी चप्पलही काढली नव्हती. म्हणाले, "हो बाळ. आता तिला काही त्रास नाही." मातीवर पाळकसाहेबांनी हेच वाक्य म्हटलं होतं. म्हणजे मी काही खोटं बोलले नाही, अशी मी माझी समजूत घातली.

त्या संध्याकाळी आम्ही बसलो. एस्तूने मोजे घातलेले हात जोडले आणि म्हणाली, "देवबापा, आजीला बरं केलंस, थँक यू. आता तिला बरीच ठेव. आमेन." मी आमेन म्हणाले. एस्तूने एक डोळा उघडून सुधीरकडे पाहिलं. "पप्पा, तू आमेन नाही म्हणालास." तो माझ्याकडे बघत आमेन म्हणाला आणि उठून गॅलरीत गेला.

आमचं त्यावरून भांडण झालं. सुधीरचं म्हणणं सरळ होतं. गेलेल्या माणसासाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत, ते माणूस देवाच्या हाती गेलं, आता आपण मागायचं काही उरलं नाही. आणि हे तर त्याहून वाईट, पोरगी जिवंत समजून मागतेय आणि आपण आईबाप 'तसंच होवो' म्हणतोय. मी म्हटलं, मग सांग तू. त्यालाही जमेना. आधी म्हणालो, ताप उतरू दे. ताप उतरला. मग म्हणालो, खपल्या पडू देत. त्याही पडल्या. मग नुसतंच उद्या-उद्या करत राहिलो.

खरं सांगू, मला भीती पोरीच्या रडण्याची नव्हती. रडतात पोरं, गप्पही होतात. ती मला विचारेल की आपण एवढं मागितलं ते देवाने ऐकलं का नाही, ही भीती होती. माझा स्वतःचाच विश्वास तेव्हा हातातून निसटत होता, आणि तिचाही मोडला तर ह्या घरात कुणापाशीच काही उरणार नव्हतं. मी देवाशी अबोला धरला होता. घरात कळू दिलं नाही एवढंच. माझी पाळी आली की म्हणायचे, माझी मनातल्या मनात झाली. मनात काहीही नसायचं. एस्तू मात्र रोज आजीला बरी ठेव म्हणायची, आम्ही रोज आमेन म्हणायचो, आणि प्रत्येक आमेनला मला आईची माती दिसायची.

आणि इथे सांगायचं कुणाला? समोरच्या इंदूताई शिरपूरकडच्या, मनाने सोनं. माझे डोळे बघून त्यांनी जिन्यात धरलं, "काय व्हयनं वं माय?" मी सर्दी सांगितली. सांगितलं असतं तर त्या बिचाऱ्या मांडी घालून माझ्यापाशी बसल्या असत्या, चार दिवस चूल पेटू दिली नसती. पण एस्तूसमोर विषय निघाला असता. शिवाय त्यांनी दहावं कधी विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की आमच्यात दहावं नसतं, आम्ही असे असे, आमच्यात असं असं. दुःख सांगायला जायचं आणि आधी आपण कोण ते समजावत बसायचं, एवढं बळ माझ्यात नव्हतं. चर्चमध्येही तेच. प्रार्थनेची गरज कुणाला आहे, हात वर करा, असं इथले पाळकसाहेब दर रविवारी विचारतात. एस्तू माझ्या मांडीवर बसलेली असायची. माझा हात तिच्याखालीच राहायचा.

सगळ्यांत वाईट मी आबांचं केलं. रविवारी दुपारी आमचा फोन ठरलेला. मी त्यांना बजावून ठेवलं की एस्तूने आजीला मागितलं तर झोपलीय सांगा, मळ्यात गेलीय सांगा. पुढच्या रविवारी त्यांनी फोनच उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. सोमवारी एस्तू बालवाडीत असताना करायचे आणि म्हणायचे, काल बाहेर होतो. आयुष्यभर गाडीत ज्यांनी कुणाला खोटं तिकीट दिलं नाही, त्या म्हाताऱ्याला मी घरात लपायला लावलं. बायको गेलेला माणूस, नातीचा आवाज ऐकायचीही चोरी.

एका दुपारी त्यांचा अवेळी फोन आला. बालवाडीला कसलीशी सुट्टी होती. माझ्या मांडीवर साडी पसरलेली, हातात कात्री, उठेपर्यंत एस्तूने फोन घेतला. "आबा, आजीला द्या." मी जागची हलले नाही. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. एस्तू "हं" म्हणाली, पुन्हा "हं" म्हणाली, आणि फोन माझ्यापाशी आणून ठेवला. "आबा म्हणाले, आजी देवाकडे गेली. बाकीचं मम्मीला विचार म्हणाले."

सुधीरची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, तो झोपेतून उठून भिंतीला टेकून बसला. एस्तूने विचारलं, "मला कांजिण्या झालेल्या तेव्हाच?" मी मान हलवली. ती साड्यांच्या गाठोड्यावर जाऊन बसली आणि बोटाने गाठोड्याची गाठ खरवडत राहिली. रडली नाही. तिचं ते न रडणं मला सोसेना, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं माझ्याच तोंडून निघून गेलं. "एवढी प्रार्थना केली गं आपण. देवाने ऐकलं नाही."

एस्तूने वर पाहिलं. तिने त्यावर विचार केला, मला दिसलं ते. मग म्हणाली, "ऐकलं असेल. आपल्याला सांगितलं नसेल." आणि थोड्या वेळाने, "तुम्हीपण मला नाही सांगितलं."

त्यात राग नव्हता, टोमणा तर तिला अजून येतच नाही. एक गोष्ट दुसरीशेजारी ठेवावी तशी तिने ठेवली. मम्मी-पप्पांनी सांगितलं नाही, तरी मम्मी-पप्पा आपलेच. देवाने सांगितलं नाही, तर तो तरी कुठे जातो. मग तिला आजीचं रडू आलं, आणि ती उठून माझ्याच मांडीवर येऊन रडली. जिने इतके दिवस फसवलं तिच्याच मांडीवर. मी तिला धरलं आणि गावातून परतल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडले. सुधीरही रडला. इंदूताई दार वाजवून आत आल्या, आणि मी त्यांना सांगून टाकलं की माझी आई गेली. त्यांनी दहाव्याचं काही विचारलं नाही. चहा टाकला.

संध्याकाळी चटई टाकली. एस्तूने मशीनचं, पिल्लांचं, बेनचं सगळं मागून घेतलं आणि सवयीने "आजी" म्हणून थांबली. डोळे उघडून तिने विचारलं, आता आजीचं नाव नाही घ्यायचं ना? सुधीर म्हणाला, नाही बेटा, आता आजीला काही मागायला नको. तिला ते पटलं. पण ती हात जोडलेलेच ठेवून बसली. मग म्हणाली, "आबा एकटेच बसत असतील ना? त्यांना आमेन कोण म्हणतं?"

मला आई जाऊन किती रिकामं वाटतंय एवढंच मी इतके दिवस उगाळत बसले होते. सगळे पांगल्यावर आबांच्या चटईवर आईशिवाय कुणी उरलं नव्हतं आणि आता तीही नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. एस्तूने फोन माझ्या हातात दिला. आबांनी उचलला. मी विचारलं, बसलात का? ते म्हणाले, "नाही बसत मी आता. एकट्याने कसलं बसायचं." आपल्या गावात ज्यांची प्रार्थना ऐकायला बाहेरची माणसं थांबायची, ते आबा. फोन स्पीकरवर होता. एस्तू म्हणाली, "आबा, आम्ही बसलोय. तुम्हीपण बसा."

तिकडे खाट करकरली. एस्तूने पहिल्यापासून पुन्हा सगळी प्रार्थना केली आणि शेवटी म्हणाली, आबांना एकटं वाटू देऊ नको. आम्ही आमेन म्हणालो, आबाही म्हणाले. मग माझी पाळी. माझी मनातल्या मनात झाली, हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण फोनमधून मन ऐकू जात नाही. आबा थांबून राहिले होते, त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मी म्हणाले, "देवा, माझी आई गेली. तू तिला बरं केलं नाहीस. मला तुझा राग आलाय." अशा प्रार्थनेला आमेन म्हणतात की नाही, मला माहीत नव्हतं. सगळ्यांत आधी तिकडून आबांचा आमेन आला, घोगरा, पण पुरा.

तेव्हापासून आम्ही रोज असेच बसतो. चटईच्या मधोमध फोन असतो. कधी रेंज जाते आणि आबांची प्रार्थना मोशेपाशीच तुटते. कधी सुधीर मिलमध्ये असतो, मग आम्ही दोघी. आबा भाकरी स्वतः थापतात आणि जाड होतात म्हणून देवाकडे तक्रार करतात. त्यांना मी इकडे या म्हणते, ते हो म्हणतात आणि येत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, इथे येऊन ते कुणाशी बोलतील?

इथे कुणी विचारतं, घर कुठे, तर मी भेस्तान सांगते. गावाकडे आले की तुम्ही विचारता, घरी कधी जाणार, आणि तुम्हाला सुरत म्हणायची असते. आई नाही त्या घरी मी पाहुणी झालेय, आणि ह्या खोलीत माझी आई कधी आलीच नाही. मग संध्याकाळी बसतो तेवढ्या वेळाचं मला घर आहे. आबा सलाम म्हणतात, फोन बंद होतो, शेजारचा टीव्ही पुन्हा ऐकू यायला लागतो आणि मी साडी मांडीवर ओढते. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना हे ठाऊक असेल, जे गेले नाहीत त्यांना मी सांगून कळणार नाही. देवावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. काही संध्याकाळी मी त्याला तसं सांगते, आणि एस्तू शेजारून आमेन म्हणते.